मालदीवची रीफवरची लाट: जळगावहून जायचं तर महिना, रिसॉर्ट, बोर्ड आणि जखमा

गिरणाकाठ, जळगाव

राम राम मंडळी. आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की मे महिन्यात ८ रात्रींसाठी मालदीवला जायचा विचार आहे. उत्तर माले अ‍ॅटॉलमध्ये (प्रवाळबेटांच्या कड्यात), जिथे रिसॉर्टच्या समोरच लाट फुटते अशी जागा हवी. आम्ही दोघं. सर्फिंग मी एकटा करणार, सौ.ला पोहता येतं, पण विहिरीत आणि तलावातच. माझे कर्नाटकातल्या मुलकीला आणि चेन्नईजवळच्या कोवलमला मिळून २० दिवस झालेत, सगळे वाळूच्या तळावर. फेसात नाही, न फुटलेल्या लाटेवर उभा राहतो. डावीकडे नीट जातो, उजवीकडे डळमळतो. वजन ७६ किलो, बोर्ड ७ फुटी, इपॉक्सीचा, आत थर्माकोलसारखा फोम.

मे महिना बरोबर आहे का? रिसॉर्टवाले खोलीचा दर सांगतात, त्यात लाट धरलेली असते का? बोर्ड इथून न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा? रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळखडकावर, आपटल्यास काय करायचं? आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का?

सातमाळा, चाळीसगाव

महिन्याचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

मालदीवची मोठी लाट तिथल्या वाऱ्याने बनत नाही. दक्षिणेला, ४५ ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यातल्या वादळांत ती जन्मते आणि साडेपाच-सहा हजार किलोमीटर चालून येते. दोन लाटांमध्ये १६ सेकंदांचं अंतर असेल तर तो जथा खोल पाण्यातून ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर. खाली वादळ झालं की पाचव्या-सहाव्या दिवशी लाट मालदीवला पोचते. त्यामुळे जळगावहून निघायच्या दिवशीच पुढच्या पाच दिवसांचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट असतं.

अंदाज वाचताना बहुतेक जण उंचीचा आकडा बघतात. सेकंद बघा. दीड मीटर उंची आणि ९ सेकंद असेल तर लाट सौम्य निघते. तीच दीड मीटर १६ सेकंदांची असेल तर रीफवर डोक्याच्या वर जाणारी भिंत उभी राहते. कारण १६ सेकंदांच्या लाटेची लांबी जवळपास ४०० मीटर असते आणि ती पाण्यात २०० मीटर खोलपर्यंत पोचलेली असते. मालदीवची बाहेरची रीफ समुद्रातून जवळजवळ सरळ उठते. वाळूच्या किनाऱ्यावर लाट दूरवर घासत घासत येते आणि तिचा जोर वाटेत जिरतो. इथे जिरायला जागाच नाही, सगळी ताकद एका जागी वर येते.

उत्तर माले अ‍ॅटॉलचा हंगाम मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. मे ते ऑगस्ट सगळ्यात मोठ्या लाटांचे महिने. सर्फच्या जागा अ‍ॅटॉलच्या पूर्व कडेला आहेत आणि नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे वारा आतल्या लगूनकडून (बेटांच्या कड्यातल्या शांत पाण्याकडून) समुद्राकडे, थेट लाटेच्या तोंडावर वाहतो आणि लाटेला उभं धरून ठेवतो. आपल्याकडे पावसाळ्यात किनारा बंद होतो आणि तिथे त्याच वाऱ्याने लाट स्वच्छ होते, त्याचं कारण हे.

तुमचे २० दिवस वाळूवरचे आहेत. माझं स्पष्ट मत: मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिल, किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतर जा. आखाजीनंतरच जमणार असेल तर मेमध्येही जा, पण ८ दिवसांपैकी ३ दिवस काठावर बसून बघण्यात जातील हे धरून चला. दोन मीटर आणि १५ सेकंदांच्या वर अंदाज असेल त्या दिवशी उतरू नका. रीफ ही लाट शिकायची जागा नाही. जे येतं ते वापरायची जागा आहे.

तापी_पूर्णा, मुक्ताईनगर

सातमाळाभाऊंचं महिन्याबद्दलचं पटतं. रिसॉर्टबद्दल मी लिहितो.

खोलीच्या दरात लाट धरलेली नसते असं समजून चला. त्या पट्ट्यात दोन रिसॉर्टच्या दारात नावाजलेल्या लाटा आहेत: धोनवेली बेटावर पास्ता पॉइंट आणि हुधुरनफुशीवर लोहीज. दोन्ही डावीकडे फुटतात, त्यामुळे तुम्हाला सोयीच्या. दोन्ही ठिकाणी लाट पाहुण्यांपुरती राखलेली असते आणि पाण्यात एका वेळी किती जण याला मर्यादा असते. या राखीव लाटेचा सर्फ पास वेगळा घ्यावा लागतो आणि हंगामात तो खोलीच्या आधी संपतो. म्हणून बुकिंगच्या ईमेलमध्ये तारखांसकट लिहून घ्या: पास किती दिवसांचा, मर्यादा किती, बोटीने दुसऱ्या लाटांवर नेणं त्यात आहे की वेगळं, आणि लाट नसेल त्या दिवसाचे पैसे परत मिळतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा नाही असंच येतं. तरीही विचारा, म्हणजे पुढे वाद नाही.

लाट अशी राखून ठेवण्याला तिथल्या सर्फरांचा विरोध आहे आणि त्यांची बाजू मला योग्य वाटते. फिजीने २०१० मध्ये कायदा करून रिसॉर्टांची ही मक्तेदारी संपवली. मालदीवमध्ये अजून तशी मोकळीक नाही.

जवळच्या मोकळ्या लाटा: थानबुरुधू बेटाच्या एका बाजूला सुलतान्स (उजवी), दुसऱ्या बाजूला हाँकीज (डावी). हिम्मफुशीजवळ जेलब्रेक्स (उजवी). थुलुसधूला कोक्स (उजवी). बेटावर कोका-कोलाचा कारखाना आहे म्हणून ते नाव. समोरच्या बाजूला चिकन्स (डावी). कोक्सवर तुम्ही जाऊ नका. लाट जाड, वेगवान, आणि शेवटचा भाग उथळ. कानी बेटाजवळची निंजाज मात्र मऊ आणि संथ आहे. ती उजवी आहे, पण तुमची डळमळ सुधारायला तीच बरी.

पैशांचं. रिसॉर्टमध्ये हरित कर माणशी, रात्री १२ डॉलर (२०२५ पासून). दोघांचे ८ रात्रींचे १९२ डॉलर. पर्यटन जीएसटी १७ टक्के, शिवाय बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क. दरापुढे अधिकची दोन चिन्हं छापलेली असतील तर हे दोन्ही वर लागणार. विमानतळ ते बेट स्पीडबोटचं भाडं येऊन-जाऊन वेगळं. सीप्लेन लागणारी लांबची बेटं बोर्डवाल्यांनी टाळावीत. सीप्लेन फक्त दिवसा उडतं, सामानाची मर्यादा कडक असते आणि ७ फुटी बोर्ड चढेलच याची खात्री नसते.

कागदपत्रं: भारतीय पासपोर्टला ९० दिवस व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, जाताना आणि येतानाही. तो फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. दारू, डुकराचं मांस, व्हेप आणि पूजेच्या मूर्ती न्यायला बंदी आहे. ही शेवटची गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते, म्हणून सौ.ना आवर्जून सांगा. येताना प्रवाळाचा तुकडाही आणायचा नाही.

जेवणाची काळजी नको. मोठ्या रिसॉर्टच्या बुफेत डाळ, भात, रोटी असतेच. कांदा-लसूण नको असेल तर आधी कळवा. तिखटाची सवय असलेल्याला जेवण फिकं लागेल, तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स बंद पाकिटात न्या. सकाळी सहाला पाण्यात उतरायच्या आधी मूठभर काहीतरी लागतंच. बुफे तेव्हा उघडलेला नसतो.

रानवारा, नंदुरबार

रिसॉर्टऐवजी थुलुसधूच्या गेस्टहाउसचाही विचार करा. ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला हरित कर ६ डॉलर आहे, बोर्ड भाड्याने मिळतात आणि दोन लाटा दारात. अडचण एवढीच की त्या दोन लाटा नवशिक्याच्या नाहीत, त्यामुळे रोज बोटीचं भाडं पडतं. ते हिशेबात धरा, नाहीतर गेस्टहाउस स्वस्त वाटून शेवटी रिसॉर्टएवढंच पडतं. गावाचं बेट असल्याने अंगभर कपडे, दारू नाही, पोहायला ठरलेला किनारा. शुक्रवारी सरकारी फेरी बंद असू शकते, त्या दिवशी पोचत असाल तर स्पीडबोट आधी ठरवा.

देशातल्या देशात म्हणाल तर लिटल अंदमानचा कुमारी पॉइंट आहे. पण तिथे रिसॉर्ट नाही, श्रीविजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) बोटीने हट बे गाठायला बराच वेळ लागतो, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि बेटाच्या ओंगे राखीव भागात पाऊलही टाकायचं नाही. जोडीने जायची ती जागा नाही.

भुसावळ_जंक्शन

बोर्डाबद्दल. रेल्वेच्या डब्यात सोबत नेता येणाऱ्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. नियमाने तो ब्रेकव्हॅनमध्येच बुक करावा लागतो आणि पार्सल ऑफिसात त्यावर काय रचलं जाईल सांगता येत नाही. जळगाव-मुंबई ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवा टाकणं जास्त सुरक्षित. मात्र चढवताना आणि उतरवताना स्वतः हजर रहा आणि त्यावर बॅगा टाकू देऊ नका.

न्यायचाच असेल तर फिन (बोर्डाच्या बुडाचे पर) काढा. वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावतात ते मेण) पूर्ण खरवडून काढा. आपल्याकडच्या मेच्या उन्हात ते वितळून सगळ्या बॅगेला लागतं. नाक, शेपूट आणि दोन्ही कडांना फोमची नळी किंवा जाड टॉवेल गुंडाळा. तुमच्या बोर्डाला वर छोटा हवेचा स्क्रू असेल. विमानात तो अर्धा फेरा सैल हवा, नाहीतर आतली हवा फुगून कातडी सुटते. पाण्यात उतरण्यापूर्वी तो घट्ट करायला विसरलात तर फोम पाणी पितो आणि सहल संपेपर्यंत सुकत नाही. दुपारी बंद गाडीत बोर्ड ठेवून जेवायला थांबू नका. ४४ अंशांच्या दिवशी काचा बंद गाडीत आतलं तापमान ६० च्या वर जातं आणि इपॉक्सीखाली फोड येतात.

बरोबर ठेवा: ७ फुटी लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, दोन (एक तुटतेच), फिनची किल्ली, फिनचा जादा संच, उष्ण पाण्याचं वॅक्स दोन वड्या, उन्हात घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन एक ट्यूब, सॅंडपेपर. फिन उधार घेताना बूड बघा: एफसीएस कंपनीच्या फिनला दोन टॅब असतात, फ्यूचर्सच्या फिनला एक लांब बूड. एकाचं दुसऱ्यात बसत नाही. रेझिनचंही तसंच: पॉलिएस्टर रेझिन तुमच्या फोमवर पडलं तर फोम विरघळतो. इपॉक्सी तुमच्या बोर्डावरही चालतं आणि पॉलिएस्टरच्या बोर्डावरही.

एवढं करून माझा सल्ला: ८ रात्रींसाठी तिथेच भाड्याने घ्या. ३८ ते ४२ लिटरचा, साडेसहा ते सात फुटी बोर्ड मागा आणि आकाराचं आधीच ईमेलने पक्कं करा. लीश आणि फिन मात्र आपले न्या.

परतीच्या प्रवासात मुंबईत एक मोकळा दिवस ठेवा. पाऊस सुरू झाला की कसारा घाटात गाड्या खोळंबतात.

धुळे_ओपीडी

रीफच्या जखमेचं नीट वाचा, कारण चूक पहिल्या दहा मिनिटांत होते.

खरचटलं तर लाटेचा मोह सोडून बाहेर या. जखमेत प्रवाळाचे बारीक कण आणि जिवंत पेशींचा चिकट थर राहतो. तोच पुढे आठ-आठ दिवस चिघळतो. पिण्याच्या पाण्याने, २० मिलीच्या सिरिंजने जोर देऊन धुवा. साबण लावून मऊ टूथब्रशने घासा. दुखेल, तरी घासा. दिसणारे कण चिमट्याने काढा. मग पोव्हिडोन आयोडीन आणि कोरडी पट्टी. रोज दोनदा पुन्हा. हळद, कॉफीपूड, लिंबू यांपैकी काही नको. लिंबाने झोंबतं म्हणून जंतू मरतात असं लोक मानतात. त्याने फक्त ऊती भाजतात.

जखमेभोवतीची लाली पसरत गेली, भाग गरम झाला, फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रिओ जंतू काही तासांत हात-पाय धोक्यात आणू शकतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर उघडी जखम घेऊन पाण्यात उतरूच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर निघण्याआधी घ्या. सोबत कोणतं अँटिबायोटिक न्यायचं ते आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीसकट लिहून घ्या. चिठ्ठी कस्टमलाही लागते.

समुद्री साळिंदरावर (सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखा जीव) पाय पडला तर वर दिसणारे काटे काढा आणि ४५ अंशांच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी आधी हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. बोट लागते म्हणून अव्होमिन घेतलीत तर गुंगी येते. त्या दिवशी बोर्डावर जाऊ नका.

विम्याच्या कागदावर सर्फिंग हा शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसी ते साहसी खेळ म्हणून वगळतात. आणि बेटावरून मालेच्या हॉस्पिटलात नेण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा.

गिरणाकाठ, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख बदलून एप्रिलचा पहिला आठवडा करतोय, सौ.नेही हो म्हटलं. अजून दोन गोष्टी. रीफवर पडायचं कसं आणि पाण्यात शिरायचं कुठून? आणि सौ.ला मासे बघायला स्नॉर्कल लावून उतरायचं आहे, ते किती सुरक्षित?

सातमाळा, चाळीसगाव

छान केलंत.

शिरायचं खोल पाण्याच्या वाटेने. लाट संपते तिच्या कडेला चॅनल असतो, तिथे पाणी गडद निळं दिसतं आणि लाट फुटत नाही. तिथून वळसा घालून मागे जायचं. लाटेच्या मधून सरळ हात मारत जाणारा माणूस स्वतःही मार खातो आणि येणाऱ्याच्या आडवा येतो. पहिला दिवस चॅनलच्या कडेला अर्धा तास नुसतं बसून काढा. वाळूवर लाट उठायची जागा सरकत राहते; रीफवर ती पक्की असते. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एखादं माडाचं झाड आणि छताचं टोक, आणि रोज तिथेच बसा. लाट जिथे पहिल्यांदा उठते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. तो उठला की तुम्ही थांबायचं.

अंदाजे असं की लाट स्वतःच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोल पाण्यात फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटेल, पण पुढे आतल्या बाजूला पाणी कमरेएवढंच राहतं. म्हणून डोक्यावर सूर मारायचा नाही, पाय खाली सोडून उडीही नाही. पाठीवर किंवा कुशीवर, हातपाय पसरून, जमेल तितकं पसरट पडा. वर येताना एक हात डोक्यावर आणि एक चेहऱ्यापुढे. उभं राहायचा प्रयत्न करू नका. रीफच्या भेगेत पाय अडकला आणि पुढची लाट आली तर घोटा मोडतो. बोर्ड ओढून त्यावर पोटावर झोपा आणि चॅनलकडे सरका. बोर्ड सोडून बुडी मारायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा, मागच्या माणसाच्या तोंडावर तो जातो. ओहोटीला पाणी एक मीटरभरसुद्धा उतरत नाही, पण उथळ रीफवर तेवढाच फरक पुष्कळ. गाइड नको म्हणाला तर नको.

अंगात पूर्ण बाह्यांचा लायक्रा, पायात पातळ तळाचे रीफ बूट, चेहऱ्याला झिंकचा पांढरा लेप. ४ अंश अक्षांशावर ढगातूनही भाजतं.

तापी_पूर्णा, मुक्ताईनगर

सौ.बद्दल. तळ्यात पोहणं येतं ही जमेची बाजू, पण प्रवाहाचा अंदाज तळ्यात येत नाही. बेटांमधल्या खोल वाटेला तिकडे कंडू म्हणतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणजे पूर्व कडेच्या कंडूतून पाणी अ‍ॅटॉलच्या बाहेर, उघड्या समुद्राकडे जातं. सर्फची बेटं नेमकी त्याच कडेला. त्यामुळे स्नॉर्कल फक्त आतल्या लगूनच्या बाजूला, लाइफ जॅकेट घालून, रिसॉर्टच्या माणसाला सांगून आणि कधीही एकटीने नाही. बेटाचं टोक ओलांडायचं नाही. प्रवाहात सापडलंच तर उलट दिशेला झुंजू नये. आडवं पोहत रीफच्या कडेला यावं, किंवा तरंगत हात वर करून बोटीची वाट बघावी. मास्क इथेच विकत घेऊन पोहण्याच्या तलावात चार वेळा वापरून बघा. नळीत पाणी आलं की फुंकून काढणं हाताला बसलं पाहिजे. तेवढं येईपर्यंत समुद्रात नको.

तुमच्या तयारीचं. निघण्यापूर्वी ८ आठवडे, आठवड्यातून चारदा तलाव. न थांबता ५०० मीटर फ्रीस्टाइल १५ मिनिटांत झालं पाहिजे. त्यानंतर १० मिनिटं हात न वापरता तरंगणं. पाण्यातला बहुतांश वेळ हात मारण्यात जातो, त्यामुळे आधी खांदे आणि कंबर दमतात. जमिनीवर पोटावर झोपून झटक्यात उभं राहण्याच्या १० च्या ५ फेऱ्या रोज. त्यातल्या ३ उजवीकडे बघत, कारण नजर जाते तिकडेच बोर्ड जातो. श्वास रोखायचा सराव पाण्याबाहेर करा: जिना दोन मजले चढा आणि लगेच २० सेकंद श्वास धरा. पाण्याखाली एकट्याने श्वास रोखून बसणं जीवघेणं आहे, कडेला माणूस असला तरी तो वेळेत ओळखेल याची खात्री नाही. गिरणेच्या किंवा वाघूरच्या धरणात हा सराव तर अजिबात नको, भो.